सह्याद्रीतील सुटीची घरे आणि देखावा : पॉइंटपासून फ्लॅटच्या खिडकीपर्यंत

लोणावळा, पाचगणी किंवा महाबळेश्वर येथे विसाव्यासाठी घेतलेल्या जुन्या फ्लॅटचे नूतनीकरण करावयाचे ठरले की पहिला हातोडा बहुधा एकाच भिंतीवर पडतो. दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्यामधली ती भिंत. ती पाडली जाते, बाल्कनी खोलीत घेतली जाते, कठड्याच्या जागी काच येते, खिडकीची लोखंडी जाळी निघते आणि वरचा छज्जा आकाशाच्या आड येतो म्हणून तोही तोडला जातो. या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच असतो : समोरची दरी घरात बसून दिसावी. हा हेतू आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यालाही काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा येत नाही.

परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरील वस्तीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहता, घर आणि देखावा या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगळ्या होत्या असे दिसून येते. देखावा कड्यावर होता, तो पाहावयास चालत अथवा घोड्यावरून जावे लागे. घर मात्र बव्हंशी झाडीत, वाऱ्यापावसाच्या आडोशाला असे. या दोहोंची सांगड प्रत्येक दिवाणखान्यात घालण्याचा प्रयत्न फ्लॅटने केला. नूतनीकरण करणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक अडचणी या सांगडीतूनच निर्माण झाल्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पॉइंट आणि झाडीतले घर

ब्रिटिशपूर्व काळात या प्रदेशातील मातब्बर घरांचे तोंड आतल्या बाजूला होते. महाबळेश्वरच्या पायथ्याशी, वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी नाना फडणीसांनी बांधलेला वाडा याची साक्ष देतो. नदी अगदी हाताशी, घाट सुरेख, पलीकडे डोंगररांगा. तरीही वाड्याचे जीवन चालते ते चौकांभोवती. नदीकडे जावयाचे ते स्नानसंध्येसाठी, घाटावर. यावरून त्या काळच्या माणसांना निसर्गाची ओढ नव्हती असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णाबाईचे देऊळ कृष्णेच्या खोऱ्यावर नजर पोहोचेल अशाच ठिकाणी उभे आहे. पाहण्याची जागा होती. पण ती घरात नव्हती आणि पाहण्याला दर्शन म्हणत. त्यासाठी यात्रा करावी लागे.

इंग्रजांनी आणलेली दृष्टी निराळी होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन व त्याच्या अनुयायांनी निसर्गाकडे चित्र म्हणून पाहण्याची रुची रूढ केली. थॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांच्या चित्रमालिकांनी आणि पुढे रॉबर्ट ग्रिंडले याच्या पश्चिम हिंदुस्थानविषयक चित्रसंग्रहाने ती येथल्या डोंगरांना लावून दाखविली. साताऱ्यास असलेला लष्करी अधिकारी पीटर लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या पठारावर पोहोचला. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यांनी तेथे आरोग्यस्थान वसविण्याचे ठरविले आणि १८२९ मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन हा भाग कंपनीकडे आला. मोबदल्यात वाई भागातील खंडाळा गाव छत्रपतींना देण्यात आले. नव्या पेठेला माल्कमपेठ हे नाव पडले.

पेठेपाठोपाठ पॉइंट आले. लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, विल्सन, बॉम्बे. माल्कमच्या कन्येवरून केट्स पॉइंट झाला. त्या जागेचे जुने नाव नाकेखिंड होते. लोणावळ्याजवळच्या नागफणीला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाची उपमा मिळाली. खिंड, फणी, माची ही जुनी नावे वाट, आकार आणि पहारा सांगणारी होती. नवी नावे पाहणाऱ्याची झाली. ज्या जागेला पाहणाऱ्याचे नाव मिळते ती जागा आधीच अर्धीअधिक चित्र झालेली असते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पॉइंट ही सार्वजनिक संस्था होती. 'सार्वजनिक' हा शब्द अर्थात वसाहतकाळाच्या मर्यादेत घ्यावयाचा. तेथवर पालखी वाहणारा आणि घोडा धरणारा त्या देखाव्याचा प्रेक्षक मानला जात नसे. तरीही पॉइंट कोणा एका बंगल्याच्या आवारात नव्हता. संध्याकाळी सारी वसाहत तेथे जमे, सूर्य मावळे आणि सारे आपापल्या घरी परतत. माथेरानच्या रचनेत हे अधिकच स्पष्ट दिसते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याने १८५० मध्ये हे ठिकाण उजेडात आणले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या खटपटीने नेरळहून छोटी रेल्वे वर आली. तेथील बंगले दाट झाडीत आणि पॉइंट पठाराच्या कडेने, अशी विभागणी आजही चालणाऱ्याच्या पायांना जाणवते. बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसते ती बहुतांशी जांभळाची, हिरड्याची, अंजनीची झाडी. दरी पाहावयाची तर उठावे लागते.

याला रुचीपेक्षा हवामान अधिक कारणीभूत होते. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर आदळतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला वीस किलोमीटरही नसलेल्या पाचगणीत तो सुमारे एक तृतीयांशावर येतो आणि वाईत त्याहूनही कितीतरी कमी होतो. म्हणजे ज्या बाजूला कोकणाची खोल दरी दिसते, त्याच बाजूने पाऊस येतो. देखाव्याची दिशा आणि झडीची दिशा एकच, ही सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरील घराची मूळ समस्या होय. जॉन चेसन याने वसविलेल्या पाचगणीला निवासी शाळा बहराव्यात आणि महाबळेश्वर हे हंगामापुरते राहावे, याचे एक कारण या पर्जन्यमानातच आहे.

महाबळेश्वरचा बंगला पावसाळ्यात राहण्यासाठी नव्हताच. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास असे. जूनच्या आरंभी पेठ रिकामी होई. जाण्यापूर्वी जांभ्या दगडाच्या भिंतींना पावसाच्या अंगाने गवताच्या झडी बांधल्या जात. झड म्हणजे तिरपा, वाऱ्याने रेटलेला पाऊस, आणि झडी म्हणजे तो अंगावर घेणारे गवताचे आवरण. शब्द एकच पुरावा हे भाषेचे शहाणपण आहे. झडी बांधलेले घर आंधळे होई. चार महिने त्याला देखावा नसे, आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नसे.

खिडकीतले तळे

नूतनीकरणाच्या जाहिरातींत आणि घरांच्या विक्रीत दरीच्या बरोबरीने, किंबहुना तिच्याहून वरचढ, मोल असते ते पाण्याच्या देखाव्याचे. 'लेक व्ह्यू' हा शब्दप्रयोग आता मराठी बोलण्यातही रुळला आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात दिसणारे असे विस्तीर्ण जलाशय मात्र जवळजवळ सर्व मानवनिर्मित आहेत, आणि त्यांची वये फार नाहीत.

लोणावळा परिसरातील वळवण व शिरवटा ही धरणे टाटा जलविद्युत योजनेची. १९१५ मध्ये खोपोलीच्या विद्युतगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. पुढची योजना मुळशीची. नीला-मुळा खोऱ्यातील मावळ्यांच्या भातजमिनी या धरणाखाली जाणार होत्या आणि त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती या लढ्यातून. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून तो उभा केला. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा फसला, धरण झाले आणि गावे गेली. मोठ्या धरणाविरुद्धचा हा देशातील, कदाचित जगातीलही, पहिल्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो. आज त्याच मुळशीच्या काठी सुटीची घरे आणि विश्रामस्थाने आहेत. स्वातंत्र्यानंतर पवना, धोम, कोयना ही धरणे झाली. पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून अथवा केट्स पॉइंटवरून जे निळे पाणी दिसते ते धोमच्या जलाशयाचे. माल्कमच्या कन्येला त्या जागी नदी आणि शेते दिसली असणार.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, देखावा हा घरापेक्षा जुना आणि स्थिर, तर घर नवे आणि बदलते, अशी एक समजूत नूतनीकरणामागे असते. भिंत बदलावयाची, काच बदलावयाची. समोरचे मात्र आहे तसेच राहणार. वस्तुतः अनेक ठिकाणी जलाशय आणि त्याकडे तोंड करून असलेली इमारत यांच्या वयात काही दशकांचेच अंतर आहे. खिडकीच्या चौकटीत जे शांत दिसते तेथे एकेकाळी उंबरठे होते. मुळशीचा इतिहास पाठ्यपुस्तकात सत्याग्रहाच्या प्रकरणात येतो आणि मुळशीचे पाणी पर्यटनाच्या प्रकरणात. या दोन प्रकरणांची गाठ क्वचितच घातली जाते.

फ्लॅटचा नकाशा

उंच घरातून समुद्र पाहण्याची सवय मुंबईच्या मध्यमवर्गाला लागली ती १९३० व १९४० च्या दशकांत, मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींमधून. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यामुळे भिंतीवरचा भार उतरला, खिडकी रुंद झाली, बाल्कनी हवेत पुढे झेपावली. १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी अधिनियम यांनी फ्लॅट ही विकत घेण्याची वस्तू म्हणून कायद्याच्या चौकटीत आणली. पुढे शहरातील एका घराला जोड म्हणून डोंगरावर दुसरे घर, ही कल्पना बंगल्याची ऐपत नसलेल्यांच्याही आवाक्यात आली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर लोणावळ्याचे अंतर तासांत मोजले जाऊ लागले.

या फ्लॅटचा नकाशा मात्र डोंगरावर जन्मलेला नव्हता. तो मुंबई-पुण्याच्या उपनगरांतून जसाच्या तसा आला. दर्शनी बाजू रस्त्याकडे, दिवाणखाना रस्त्याकडे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि सुकत घातलेले कपडे मागच्या अंगाला. डोंगरावर मागचे अंग म्हणजे पुष्कळदा दरी. परिणामी दरीचा उत्तम भाग ओट्यापुढच्या लहानशा खिडकीतून, भांडी घासणाऱ्याला दिसावा, अशी उलटापालट झाली. नूतनीकरणात स्वयंपाकघर व दिवाणखाना यांची अदलाबदल करण्याची टूम यातूनच निघाली. पण पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या सर्व मजल्यांवर एकाखाली एक असतात. एका मजल्यावरचे स्वयंपाकघर हलले की ते खालच्या बिऱ्हाडाच्या झोपण्याच्या खोलीवर येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत अशा फेरफारांपूर्वी समितीची लेखी परवानगी घेण्याची अट आहे ती काही केवळ कागदी नव्हे.

बाल्कनी खोलीत घेण्याची रीतही शहराचीच. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अधिमूल्य भरून बाल्कनी बंदिस्त करण्याची मुभा होती, आणि जागेच्या टंचाईत तिचा भरपूर लाभ घेतला गेला. शहरात बाल्कनी गेली तेव्हा एक झोपण्याची जागा मिळाली. तिचे समर्थन करता येते. डोंगरावरच्या घरात ती कशासाठी गेली, याचे उत्तर 'देखाव्यासाठी' असे दिले जाते. ते कितपत खरे आहे हे पाहण्यासाठी थोड्या भूमितीकडे वळावे लागते.

हिमालयात डोंगर पाहावयाचा म्हणजे मान वर करावी लागते. सह्याद्रीत तसे नाही. दख्खनच्या बसाल्टचे थर आडवे असल्याने माथे सपाट, एका पातळीतले. क्षितिज जवळजवळ सरळ रेषेसारखे. येथला देखावा नजरेच्या खाली असतो. त्यामुळे हिमालयातल्या घरात खिडकीची वरची कड महत्त्वाची, तर सह्याद्रीतल्या घरात खालची. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवर असते. बाल्कनीचा विटांचा कठडा एक मीटर उंच आहे आणि माणूस त्यापासून दोन मीटर मागे बसला आहे असे धरले, तर त्याची नजर दर दहा मीटरला एक मीटर इतकीच खाली उतरू शकते. समोरची दरी ६०० मीटर खोल असेल, तर तिचा तळ सहा किलोमीटरच्या पलीकडेच दिसू लागेल. अलीकडचे सारे कठड्याआड. कठडा काढून तेथे काच लावली तर तोच तळ एक किलोमीटरपासून दिसेल. भिंत पाडण्याचा मोह का होतो, हे या दोन आकड्यांवरून कळते.

त्याच आकड्यांत दुसराही मार्ग दडलेला आहे. कठडा तसाच ठेवून, त्यापासून दोन मीटर आत बसण्याची जागा ३० सेंटिमीटरने उंच केली, तर नजर दर चार मीटरला एक मीटर उतरते आणि दरीचा तळ सुमारे अडीच किलोमीटरपासून दिसू लागतो. एक लाकडी चौथरा आणि त्यावर बैठक, एवढाच हा खर्च. इमारतीच्या सांगाड्याला धक्का नाही, शेजाऱ्याची तक्रार नाही. वाड्यांत गादी-तक्क्याच्या बैठकीसाठी खिडकीचा तळ जमिनीलगत असे. बसण्याची रीत आणि खिडकीची उंची यांचा मेळ घालण्याची ही जाण होती. खुर्ची आली, खिडकी वर गेली. आता खुर्चीच्या जागी खोल, ठेंगणे सोफे आले आहेत आणि खिडकी तेथेच आहे. बसणारा पुन्हा कठड्याआड गेला. सोफा बदलण्याऐवजी भिंत पाडावी असे वाटणे, हा आधुनिक सुखवस्तूपणाचा एक विनोदी विशेष म्हणता येईल.

काचेच्या भिंतीचे पुढे काय होते? एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ज्या हंगामासाठी ही ठिकाणे वसली त्याच हंगामात, पश्चिमेचे ऊन दुपारभर काचेवर असते. खोली तापते आणि जाड पडदे ओढून घेतले जातात. छज्जा तोडलेला असेल तर बारा वाजल्यानंतर सावलीच नाही. रात्री आत दिवे लागले की काचेचा आरसा होतो आणि दरीऐवजी दिवाणखानाच दिसतो. यावर मंद, खाली ठेवलेले दिवे हा उपाय आहे, पण बहुधा छतालाच दिव्यांच्या ओळी लावलेल्या असतात. पावसाळ्याचे तर विचारावयासच नको. कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि पाऊस अनेकदा खालून वर येतो. घाटमाथ्यावर धबधब्याचे पाणी उलटे उडताना अनेकांनी पाहिले असेल. अशा पावसाला सरकत्या खिडकीची खालची पन्हळ पुरत नाही. ती भरते, पाणी आत ओघळते, लाकडी तक्तपोशी फुगते. पूर्वी हे पाणी बाल्कनीतच पडून बाहेर जात असे आणि खोली कोरडी राही. बाल्कनी म्हणजे वाया गेलेली जागा नव्हती, ती घराची झड होती. महाबळेश्वरच्या बाबतीत आणखी एक गंमत अशी की, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे काचेबाहेर केवळ पांढरे धुके असते.

तरीही लोक पावसाळ्यातच येतात, आणि हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल होय. पाऊस म्हणजे घर बंद करण्याचा काळ, हा एकोणिसाव्या शतकाचा दंडक. पाऊस हाच देखावा, ही लोणावळ्याची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रीत. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात उभे राहण्यासाठी होणारी गर्दी तिचेच लोकरूप. ज्या हंगामात झडी बांधून घर आंधळे करीत, त्याच हंगामासाठी आता घराला जास्तीत जास्त डोळे हवे आहेत.

कांचनजंगाचा दाखला

ही कोंडी सोडविण्याचा विचारपूर्वक प्रयत्न झाला तो डोंगरावर नव्हे, मुंबईत, कंबाला हिलवर. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी रचलेली कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तीतील घरे सुटीची नसून कायम वास्तव्याची आहेत. पण प्रश्न तोच. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचा देखावा पश्चिमेला, आणि दुपारचे ऊन व पावसाचा मारा तोही पश्चिमेलाच. जुन्या बंगल्याने घराभोवती व्हरांड्याचा पट्टा गुंडाळून हा प्रश्न सोडविला होता, हे कोरियांनी हेरले. साधारण २१ मीटर बाजूच्या चौरस मनोऱ्यात, सुमारे ८५ मीटर उंचीवर, तोच व्हरांडा त्यांनी दुमजली उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांच्या रूपाने पुन्हा आणला. समुद्र दिसतो तो या गच्चीच्या पलीकडे. ऊन आणि पाऊस गच्चीतच अडतात. एकूण ३२ घरे एकमेकांत गुंतवून बसविल्यामुळे हे जमले.

या इमारतीची भव्यता आणि तिच्या रहिवाशांची ऐपत सामान्य फ्लॅटधारकाला लागू नाही. लागू पडतो तो तिच्यातील अंतराचा विचार. देखावा आणि माणूस यांच्यामध्ये काही हातांची सावलीची जागा हवी, ही गोष्ट वाड्याच्या ओसरीला, कोकणातल्या पडवीला, बंगल्याच्या व्हरांड्याला आणि कोरियांच्या गच्चीला समान आहे. नूतनीकरणाच्या उत्साहात नेमकी तीच जागा नाहीशी केली जाते. ज्यांनी बाल्कनी राखली, विटांच्या कठड्याऐवजी उभ्या गजांचा कठडा केला आणि काचेची दारे मूळ भिंतीच्या ओळीतच बसविली, त्यांना दरीही मिळाली आणि कोरडी खोलीही. यात नवे काही नाही. हा व्हरांडाच आहे.

देखाव्याचा हक्क

एवढे करून जे मिळते ते कोणाचे? इंग्लंडमध्ये १६१० च्या सुमारास ॲल्ड्रेडच्या खटल्यात असा विचार मांडला गेला की उजेड आणि हवा या घराच्या गरजा आहेत, देखावा ही केवळ आनंदाची बाब आहे आणि तो अडविल्याबद्दल दावा चालत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाची घडण याच परंपरेतली. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्यास लागू झाला. इमारतीला मिळणारा उजेड व हवा वीस वर्षे अखंडपणे, हक्काने उपभोगली तर त्यांवर अधिकार प्राप्त होऊ शकतो. देखावा कितीही वर्षे पाहिला तरी तसा अधिकार मिळत नाही. समोरच्या जमिनीच्या मालकाने स्वतःहून करार केला असेल तर गोष्ट वेगळी.

सतराव्या शतकातील न्यायाधीशांना देखाव्याला बाजारभाव येईल याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. आज फ्लॅट घेताना दरीकडच्या बाजूसाठी अधिक पैसे मोजले जातात आणि नूतनीकरणावर त्याहून अधिक. परंतु खरेदीखतात क्षेत्रफळ येते, दरी येत नाही. उतारावर खालच्या अंगाला दुसरी इमारत उभी राहिली की पैसे गेले ते गेलेच. अशी इमारत उभी राहणार नाही याची जी काही हमी आज आहे ती खासगी हक्कातून आलेली नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, माथेरान २००३ मध्ये. वृक्षतोडीवर आणि बांधकामावर मर्यादा आल्या. नवे बांधणे अवघड झाल्यावर जुन्याच इमारतींच्या अंतर्भागाची फेररचना वाढली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. ज्या निर्बंधांविरुद्ध बांधकामाशी संबंधित मंडळी आणि काही स्थानिक रहिवासीही वेळोवेळी तक्रार करीत आले, त्याच निर्बंधांनी खिडकीपुढची दरी मोकळी ठेवली आहे. स्थानिकांची तक्रार मात्र वेगळ्या मापाने तोलली पाहिजे; कुटुंब वाढल्यावर घराला एक खोली जोडणे आणि पाहुण्याच्या फ्लॅटला काचेची भिंत लावणे या गरजा एका पातळीवरच्या नाहीत. निर्बंध नसता, किंवा सैल केला असता, काय होते याचे उदाहरण मोसे खोऱ्यात दिसले. १९९६ च्या गिरिस्थान विकासविषयक नियमांच्या आधारे तेथे लवासा हे अख्खे नगरच जलाशयाकडे तोंड करून उभारले जात होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. पाण्याकडे पाहणारी कित्येक घरे तेथे अर्धवट राहिली.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील जुन्या इमारतींना अजूनही मे महिन्याच्या अखेरीस झडी बांधल्या जातात. गवताच्या जोडीला आता प्लास्टिकचे कापड आले आहे. ज्या फ्लॅटच्या दर्शनी भिंती सबंध काचेच्या झाल्या, त्यांना झड बांधावयास आधारच उरलेला नाही.

आर्थर मॅलेट या मुलकी अधिकाऱ्याने महाबळेश्वरच्या उत्तर टोकाला, सावित्रीच्या खोऱ्यावरील कड्याजवळ घर बांधले होते. पठारावरील सर्वांत बेफाम देखाव्याची ही जागा. तिचे नाव आर्थर्स सीट असे पडले ते त्याच्यावरून. आज तेथे घर नाही. कठडा आहे, आणि संध्याकाळी त्याला टेकून कोकणाकडे पाहणारी माणसे असतात.